गुहेपासून सुरुवात करू नका

प्रश्न थोडक्यात असा. पत्र लिहिणाऱ्या वाचक भगिनी पुण्याच्या, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. मुलगा म्युनिकला नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने मोठ्या हौसेने त्यांना तिथल्या आल्टे पिनाकोथेक या चित्रसंग्रहालयात नेलं. चार तासांत पायांचे तुकडे पडले आणि लक्षात राहिलं ते एवढंच, की जिकडे पाहावं तिकडे येशू, त्याची आई आणि पंखवाले देवदूत. येत्या मे महिन्यात पुन्हा जायचं आहे, हाताशी पाच महिने आहेत. या वेळी तयारीनिशी जायचं म्हणून त्यांनी पाश्चात्त्य कलेच्या इतिहासाचा हजारेक पानांचा इंग्रजी ग्रंथ आणला. तीनदा पहिल्या पानापासून सुरू केला, तिन्ही वेळा मेसोपोटेमियाच्या आसपास सुटला. मग निरनिराळ्या वादांची आणि शैलींची यादी सनावळीसकट पाठ केली, ती आठवड्यात उडाली. त्या विचारतात: सुरुवात नेमकी कुठून करू? आधी बायबल वाचावं लागेल का? पैसे भरून ऑनलाइन कोर्स करू का? आणि यजमान म्हणतात, ‘आपलं अजिंठा-वेरूळ धड पाहिलेलं नाही, त्यांचं काय घेऊन बसलीस?’ त्याचं काय करू?

ताई, सप्रेम नमस्कार.

ग्रंथ तीनदा सुटला, यात तुमच्या चिकाटीचा दोष नाही. असे ग्रंथ कॉलेजच्या वर्गासाठी लिहिलेले असतात. तिथे शिकवणारा असतो, भिंतीवर स्लाइड असते आणि पानं वर्षभरात पुरवून पुरवून वाचायची असतात. घरी बसून तो पहिल्या पानापासून वाचणं म्हणजे भाषा शिकण्यासाठी शब्दकोश ‘अ’पासून वाचत सुटणं. तो ठेवा, फेकू नका. शब्दकोशासारखा वापरा, अडलं की उघडायचा.

इतिहास आहे म्हणजे सगळ्यांत जुन्या गोष्टीपासूनच सुरू करायला हवा, असं तुम्ही धरून चालला आहात. घडताना तो तसा घडतो, पण शिकताना मधेच कुठेतरी बोट ठेवून मागे-पुढे सरकलेलं बरं. तुमचं बोट कुठे ठेवायचं हे तर ठरलेलंच आहे. मे महिन्यात तुम्ही ज्या इमारतीत जाणार आहात तिथे गुहाचित्रं नाहीत, इजिप्त नाही, पिकासोही नाही. चौदाव्यापासून अठराव्या शतकापर्यंतची युरोपातली चित्रं आहेत. पाच महिन्यांचा अभ्यासक्रम तेवढाच, आणि त्यातलीही आठच चित्रं.

ती आठ अशी धरा. रोखिर फान डेर वायडनचं कोलुम्बा वेदीचित्र (सुमारे १४५५), अल्ब्रेख्ट ड्युररचं स्वतःचं व्यक्तिचित्र (१५००) आणि त्याचंच ‘चार प्रेषित’ (१५२६), आल्टडॉर्फरने रंगवलेली अलेक्झांडरची इसस इथली लढाई (१५२९), रूबेन्सचा प्रचंड ‘अंतिम न्याय’ (१६१७), रेंब्रांटने रंगवलेली क्रूस उभारण्याची घटना (सुमारे १६३३), द्राक्षं आणि खरबूज खाणारी मुरिलोची दोन पोरं (सतराव्या शतकाचा मध्य) आणि बूशेने काढलेली फ्रान्सच्या राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर (१७५६). एका चित्राला दोन आठवडे दिले की सोळा आठवडे होतात. उरलेल्या चारांचं काय करायचं ते पुढे सांगते. ही सगळी चित्रं बव्हेरियाच्या सरकारी चित्रसंग्रहांच्या संकेतस्थळावर आणि विकिमीडिया कॉमन्सवर मोठ्या आकारात फुकट पाहता येतात. फोनवर पाहू नका, लॅपटॉप किंवा टीव्हीला जोडा.

प्रत्येक चित्राच्या वेळी पहिलं काम म्हणजे घड्याळ लावून वीस मिनिटं नुसतं पाहायचं. काहीही वाचायचं नाही. दिसेल ते वहीत मराठीत लिहायचं: डावीकडे तिघं उभे, एकाच्या हातात टोपी, मागे पडकी भिंत. पहिल्या पाचेक मिनिटांत सगळं संपल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप माहितीकडे वळतो. तिथेच बहुतेकांचं बिनसतं. एकदा माहिती वाचली की डोळे फक्त वाचलेलंच शोधतात. सातव्या-आठव्या मिनिटाला कंटाळा येतो, तो येऊ द्या. कोपऱ्यातली खिडकी, कुत्रा, जमिनीवर पडलेली टोपली हे सगळं त्यानंतर दिसू लागतं. मग पेन्सिलीने पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत मोठे आकार तेवढे उतरवा. पत्रात लिहिलंत तसा चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेला हात आहे तुमचा, पण सुबक काढायचं नाही. गडद भाग कुठे, उजेड कुठे, वजन कोणत्या बाजूला, एवढंच.

दुसरं काम आकाराचं. पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची होतात आणि त्यामुळे अर्धा अर्थ हरवतो. चित्राची खरी लांबी-रुंदी पाहा आणि मोजपट्टीने भिंतीवर खडूने किंवा चिकटपट्टीने आखा. ड्युररचं व्यक्तिचित्र ६७ बाय ४९ सेंटिमीटर, म्हणजे न्हाणीघरातल्या आरशाएवढं. त्याच्यासमोर उभं राहिलं की माणूस माणसाला भेटतो. रूबेन्सचा ‘अंतिम न्याय’ सहा मीटरांहून उंच. तुमच्या फ्लॅटची भिंत संपेल, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचीही लागेल. म्युनिकचं ते दालन या चित्राची उंची धरूनच बांधलं गेलं.

त्यानंतर चार प्रश्न. कशावर आणि कशाने रंगवलं? कुठे लावण्यासाठी? पैसे कोणी दिले? गोष्ट कोणती? शैली कोणती हा प्रश्न यात मुद्दाम नाही.

कोलुम्बा वेदीचित्रावर हे करून पाहू, म्हणजे नुसता उपदेश राहणार नाही. ओकच्या लाकडावर तैलरंगात केलेले तीन भाग आहेत. वेदीचित्र म्हणजे चर्चमध्ये जिथे पूजाविधी होतो त्या वेदीच्या मागे उभं केलेलं चित्र. आपल्याकडे गाभाऱ्यात मूर्तीमागे प्रभावळ असते तशी त्याची जागा समजा. ते एकट्याने निवांत पाहायला केलेलं नाही. मेणबत्त्यांच्या उजेडात, मंत्र चालू असताना, दुरून दिसावं म्हणून केलेलं आहे. मधल्या भागात गोठ्यात आईच्या मांडीवर बाळ आणि भेटी घेऊन आलेले तीन राजे. डावीकडे देवदूत मरीयेला सांगतो आहे की तुला मूल होणार. उजवीकडे ते मूल देवळात नेलं आहे, सोबतच्या मुलीच्या हातात कबुतरांची टोपली आहे, कारण बाळ देवळात आणलं की पक्ष्यांची जोडी अर्पण करायचा नियम होता.

आता मधल्या भागात गोठ्याच्या खांबाकडे पाहा. तिथे एक छोटा क्रूस टांगला आहे, त्यावर खिळलेला येशू. आणि खाली तोच येशू तान्हं बाळ आहे! चित्रकाराची ही चूक नाही. आपल्या कीर्तनकाराने कृष्णजन्म सांगता सांगताच पुढच्या कंसवधाची चाहूल द्यावी, तसं आहे हे. जन्माच्या आनंदातच मरण ठेवलेलं आहे, आणि वेदीपुढे उभ्या असलेल्या माणसाला त्याच वेदीवर होणाऱ्या विधीचा अर्थ त्यातून लागतो. डाव्या कडेला ठेंगण्या भिंतीपलीकडे एक माणूस हात जोडून गुडघे टेकून आहे. गोष्टीत त्याचं काहीच काम नाही. चित्राचे पैसे देणारा तो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा असं चित्रातच कोपऱ्यात बसलेलं असतं.

आणि तीन राजेच का? हे चित्र कोलोन शहरातल्या संत कोलुम्बाच्या चर्चमधलं. त्या तीन राजांच्या मानल्या गेलेल्या अस्थी ११६४ साली कोलोनला आणल्या गेल्या. सबंध शहर त्यांचं भक्त होतं, यात्रेकरू त्यांच्यासाठी येत. पंढरपूरच्या देवळात विठ्ठलाचं चित्र का, असं कोणी विचारत नाही, तसंच हे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे साधन काय वापरलं, हे लोक घाईत टाकून देतात. त्याआधीची चित्रं बहुधा अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगाची असत. तो रंग काही मिनिटांत वाळतो, ओल्यावर ओलं मिसळता येत नाही. म्हणून सावली दाखवायला बारीक बारीक रेघा ओढाव्या लागत. तैलरंगात रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटतात. जवस तेच, ज्याची आपण चटणी करतो. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं, त्याला दिवसचे दिवस लागतात. त्यामुळे पातळ, पारदर्शक थरावर थर चढवता येतात. उजेड त्या थरांमधून खालच्या पांढऱ्या खडूच्या लेपापर्यंत जाऊन परत येतो, आणि मखमल मखमलीसारखी, काच काचेसारखी दिसू लागते. फ्लँडर्सच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, चित्रकारांनी हे पंधराव्या शतकात कमालीच्या टोकाला नेलं. रोखिरच्या राजांची वस्त्रं पाहताना ‘किती हुबेहूब’ एवढ्यावर थांबू नका. ते हुबेहूब करणं या तेलामुळे शक्य झालं, असा दुवा जोडा. कला-इतिहास म्हणजे मोठा भाग अशाच दुव्यांचा.

बाकीच्या चित्रांना इतकं पानभर लागणार नाही, पण ड्युररच्या दोन्हींपाशी रेंगाळा. १५००च्या व्यक्तिचित्रात २८ वर्षांचा ड्युरर अगदी समोरून, दोन्ही खांदे सारखे, केस दोन्ही बाजूंना मोकळे असा पाहतो आहे. त्या काळी माणसांची चित्रं थोडी वळलेली काढत. असा सरळ समोरून चेहरा काढत तो येशूचा. म्हणजे एक सोनाराचा मुलगा स्वतःला त्या चौकटीत बसवतो आहे. हा उद्दामपणा की भक्ती, यावर अभ्यासक अजून भांडतात. तुम्हीही तुमचं मत बनवा. वहीत लिहून ठेवा आणि मे महिन्यात मूळ चित्रासमोर उभ्या राहिलात की बदलतं का पाहा.

‘चार प्रेषित’ हे तुमच्या बायबलच्या प्रश्नाचं उत्तर आहे. सबंध बायबल वाचायची गरज नाही. मराठीत ते सहज मिळतं. त्यातलं मार्कचं शुभवर्तमान वाचा, चारांतलं ते सर्वांत लहान, सोळा अध्यायांचं, दोन संध्याकाळींत होतं. त्याला लूकचे पहिले दोन अध्याय जोडा, जन्माची कथा त्यात आहे. तीन राजांसाठी मत्तयचा दुसरा अध्याय. येशूच्या आयुष्यावरची संग्रहालयातली बरीचशी चित्रं एवढ्यात उलगडतात. राहिले संत. ते ओळखायची रीत तुम्हाला लहानपणापासून येते. मोरपीस दिसलं की कृष्ण, तीन शिरं आणि चार कुत्रे दिसले की दत्त. तशी पेत्राच्या हातात किल्ली असते, पौलाच्या हातात तलवार. कॅथरिनजवळ मोडकं चाक, सेबास्टियनच्या अंगात बाण, लॉरेन्सजवळ भाजायची लोखंडी जाळी, बार्बराजवळ बुरूज, जेरोमच्या पायाशी सिंह, मग्दालियाच्या मरीयेकडे सुगंधी तेलाची कुपी आणि मोकळे केस. आपल्या छळाचं हत्यारच हातात मिरवायची या संतांची पद्धत जरा अंगावर येते, पण लक्षात पक्की राहते. सगळी मिळून वीसेक चिन्हं एका कार्डावर लिहा आणि पर्समध्ये ठेवा.

आता ड्युररच्या त्या दोन उंच फळ्यांवर किल्लीवाला पेत्र मागे सरकलेला आणि तलवारवाला पौल पुढे दिसेल. पेत्र म्हणजे रोमच्या पोपची परंपरा. ड्युररच्या न्यूरेंबर्ग शहराने १५२५ साली पोपची सत्ता नाकारणाऱ्या मार्टिन लूथरचा पंथ स्वीकारला होता. पुढच्याच वर्षी त्याने हे चित्र शहराला भेट दिलं आणि खाली लूथरच्या जर्मन बायबलमधले उतारे लिहवून घेतले. शंभर वर्षांनी, १६२७ मध्ये, बव्हेरियाच्या कॅथलिक सत्ताधीशाने ते म्युनिकला आणवलं, तेव्हा खालची अक्षरांची पट्टी करवतीने कापून परत पाठवली. चित्र हवं होतं, मजकूर नको होता! ती पट्टी १९२२ साली पुन्हा जोडली. जवळ गेलात तर जोड शोधा. धर्मसुधारणा हा शब्द सनावळीत पाठ करण्यापेक्षा ही कापाकापी लक्षात राहील.

सनावळीचंच सांगायचं तर ती आठवड्यात उडाली, कारण तिला टांगायला खुंटी नव्हती. खुंट्या तुमच्याकडे भरपूर आहेत, त्या वापरा. ज्ञानेश्वरी १२९०. त्यानंतर पंधरा वर्षांत जोत्तोने पादुआच्या चॅपेलमध्ये ओल्या गिलाव्यावर चित्रं रंगवली, आणि युरोपच्या चित्रातल्या माणसांना वजन आलं. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१०. तेव्हा रोममध्ये राफाएल पोपच्या दालनात भिंती रंगवत होता आणि मायकेलअँजेलो सिस्टिन चॅपेलच्या छताखाली परांचीवर उभा होता. पानिपतची पहिली लढाई १५२६, ‘चार प्रेषित’ त्याच वर्षीचे. शिवाजी महाराज तीन वर्षांचे असताना रेंब्रांटने ते क्रूस उभारण्याचं चित्र काढलं. त्यात निळ्या टोपीतला जो माणूस क्रूस ओढतो आहे तो रेंब्रांट स्वतः. राज्याभिषेक १६७४, डच चित्रकार फर्मीर वारला १६७५ मध्ये. विजयदुर्ग आंग्र्यांच्या हातून गेला त्या १७५६ साली पॅरिसमध्ये बूशे मादाम द पाँपादूरच्या झग्यावर गुलाब काढत बसला होता. पेशवाई बुडाली १८१८, त्याच वर्षी फ्रान्समध्ये जेरिकोने ‘मेदुसाचा तराफा’ हे चित्र हाती घेतलं. एका लांब कागदावर मधे रेघ ओढा, वर आपल्या तारखा, खाली त्यांच्या. आठ चित्रांच्या छोट्या प्रिंट त्यावर चिकटवा. भिंतीवर दिसत राहिलं की पाठ करावं लागत नाही.

एक खड्डा मात्र सांगून ठेवते. पंधरावं शतक म्हणजे १४०१ ते १५००. हे माहीत असूनही वाचताना मन १५००च्या पुढे पळतं. त्यात इटालियन लेखक त्याच शतकाला ‘क्वात्रोचेंतो’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘चारशे’. तुमच्या यादीत शंभर वर्षांची उलथापालथ झाली असेल तर ती इथेच.

वादांची आणि शैलींची यादी आता बाजूला ठेवा. ती नावं कपाटाच्या खणांसारखी आधी तयार नव्हती. बहुतेक नंतर चिकटली, आणि कित्येक तर चक्क टोमणे होते. ‘गॉथिक’ म्हणजे रानटी गॉथ लोकांचं, असं प्रबोधनकाळातल्या इटालियनांनी हिणवलं. ‘बरोक’ हा शब्द बहुतेक अभ्यासकांच्या मते वेड्यावाकड्या मोत्याच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. १८७४च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात मोनेच्या चित्राच्या नावाची एका टीकाकाराने टर उडवली, त्यातून दृक्प्रत्ययवाद्यांना (इंप्रेशनिस्टांना) त्यांचं नाव मिळालं. नाव आधी शिकलं की चित्र त्याचं उदाहरण होऊन बसतं. आठ चित्रं ओळखीची झाल्यावर मराठी विश्वकोशातल्या या शैलींवरच्या नोंदी वाचा. त्या ऑनलाइन फुकट आहेत. तेव्हा ‘बरोक’ म्हटलं की रूबेन्सची ती कोसळणारी शरीरं डोळ्यांपुढे येतील.

कोर्ससाठी आत्ता पैसे घालू नका. कोर्सचा उपयोग आपले प्रश्न घेऊन बसणाऱ्याला होतो, आणि ते प्रश्न तुम्हाला मार्चच्या आसपास पडू लागतील. तोवर स्मार्टहिस्टरी या संकेतस्थळावरचे छोटे व्हिडिओ पुरेत. दोन जाणकार कलाकृतीसमोर उभे राहून गप्पा मारतात. इंग्रजी सोपं आहे, फुकट आहे. पण वीस मिनिटांचं पाहणं झाल्यावरच.

उरलेल्या चार आठवड्यांतला एक दिवस मुंबईला द्या. डेक्कन क्वीनने जा, म्हणजे उतराल तीच इमारत पहिला धडा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८८८ मध्ये पूर्ण झालं, गॉथिक पुनरुज्जीवनाच्या शैलीत. टोकदार कमानी, रंगीत काचा, भिंतीतून बाहेर डोकावणारे दगडी प्राणी रस्त्याच्या पलीकडून पाहा. तिथून चालत एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलकडे. इथे कमान टोकदार नाही, सगळं सरळ: पायऱ्या, रांगेत उभे डोरिक खांब, वर त्रिकोण. ग्रीक देवळाचा हा सांगाडा. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात युरोपच्या दोन मोठ्या वास्तुभाषा समोरासमोर आहेत. मग काळा घोड्याजवळच्या वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय चित्रं पाहा. चित्र कोणतं याला इथे फारसं महत्त्व नाही. जुन्या तैलरंगाला पडलेल्या बारीक भेगा, पिवळट झालेलं वॉर्निश, कुंचल्याचा उंचवटा कडेने तिरकं पाहिल्यावर कसा चमकतो, हे पडद्यावर कधीच दिसत नाही. ते एकदा डोळ्यांखालून जाऊ द्या.

आता यजमानांचं म्हणणं. अजिंठा पाहायलाच हवं, त्यात वादच नाही. पण ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ अशी भिंत त्यांनी धरली आहे तेवढी सरळ नाही. रेंब्रांटने मुघल लघुचित्रं समोर ठेवून वीसहून अधिक रेखाटनं केली. अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आपल्याच विद्यार्थ्यांनी केल्या. आणि त्यांना गोव्याला घेऊन जा. जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने घडवलेला, तिथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोने पाठवलेला, १६९८ मध्ये बसवलेला. मेदिचींच्या आश्रयाने झालेलं काम पाहायला इटलीलाच जावं लागतं असं नाही.

तिथून जवळच संत कायेतानचं चर्च आहे. थिएटाइन या कॅथलिक पंथाच्या लोकांनी सतराव्या शतकात रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेलं, पांढरं, घुमटाचं. ते नीट लक्षात ठेवा, फोटो काढा. कारण म्युनिकच्या ओडिओन्सप्लाट्झवर जे पिवळंधमक थिएटिनर चर्च आहे, ते त्याच पंथाचं, त्याच संत कायेतानच्या नावाचं, त्याच शतकात सुरू झालेलं. त्याने नमुना घेतला तोही रोममधल्याच एका चर्चचा. मांडवीकाठचा जांभा आणि बव्हेरियातला गिलावा एकाच आराखड्याच्या घराण्यातले आहेत. दोन्ही पाहिल्यावर यजमानांना विचारा, यातलं आपलं कोणतं.

आता मे महिन्याचं. चार तास पुन्हा करू नका. दीड तासाच्या दोन किंवा तीन फेऱ्या करा, एका फेरीत तीनच चित्रं. सोमवारी संग्रहालय बंद असतं. रविवारी एक युरोत प्रवेश ही सोय बरीच वर्षं होती, पण गर्दीही त्याच दिवशी. ती सोय अजून आहे का ते आणि वेळा आधी संकेतस्थळावर पाहून घ्या. आत जाण्यापूर्वी बाहेरून दर्शनी भिंत पाहा: दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने पडलेलं भगदाड हान्स ड्योलगास्ट या वास्तुकाराने नक्षी न करता साध्या विटांनी भरलं, जखम दिसेल अशी ठेवली. आत मुलाला म्हणावं, तू तुझं फीर, मला इथे बसू दे. दालनांत बाक असतात. आधी लांबून, मग हातभर अंतरावरून, मग पुन्हा लांबून पाहा. फोटो शेवटी. आधी काढला की मन म्हणतं, आता घरी जाऊन पाहू, आणि घरी कोणी पाहत नाही.

सवड उरली तर म्युनिकमधल्याच लेनबाखहाउस या संग्रहालयात कांडिन्स्की आणि फ्रान्स मार्कचा निळा घोडा पाहा. हे शहर आधुनिक कलेचं माहेरही होतं, आणि १९३७ मध्ये नात्सींनी ‘विकृत कला’ म्हणून सुमारे ६५० कलाकृतींची विटंबना करणारं प्रदर्शन भरवलं तेही याच शहरात. पण तो पुढच्या वर्षीचा अभ्यास.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की जर्मन येत नाही. पाट्यांवर इंग्रजी पुष्कळ ठिकाणी असतं, तरी सहा शब्द त्या कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून घ्या. ‘होल्त्स’ म्हणजे लाकूड, ‘लाइनवांट’ म्हणजे कॅनव्हास, ‘ओल’ म्हणजे तैलरंग. सनाच्या आधी ‘उम’ असेल तर ‘सुमारे’. चित्रकाराच्या नावाजवळ ‘वेर्कश्टाट’ असेल तर चित्र त्याच्या कारखान्यातल्या शिष्यांचं, आणि ‘नाख’ असेल तर ती दुसऱ्या कोणी केलेली नक्कल. या शेवटच्या दोन शब्दांवर नजर ठेवा, म्हणजे नकलेसमोर वीस मिनिटं जाणार नाहीत.